बंदुकीची नळी कापायची कुणी?

चाकणच्या आसपास आता शेती आणि कारखाना एकाच बांधावर नांदतात. बांधाच्या अलीकडे कांदा-बटाटा, पलीकडे कारखान्याची भिंत. घरातला एक भाऊ औत धरतो, दुसरा तिन्ही पाळ्यांत मशीन चालवतो. आमचं घरही तसंच. थोरले बंधू आयुष्यभर शेतीत राहिले. मी पिंपरीला एका कारखान्यात तीस वर्षं टर्नर म्हणून काढली आणि निवृत्त होऊन गावी आलो. बंधूंचा मुलगा भोसरीला एका लहान वर्कशॉपात लेथवर काम करतो. हा लेख आमच्या घरातल्या एका जुन्या बंदुकीविषयी आहे. पण घरोघरी अवजारं आहेत आणि गावोगावी वेल्डिंगची दुकानं आहेत, तेव्हा तो प्रत्येक घराला लागू पडेल असं वाटतं.

बंदूक वडिलांची. ठासणीची, एका नळीची. नळीत दारू घालायची, गजाने ठासायची, छर्रे घालायचे, पुन्हा ठासायचं, टोपी बसवायची आणि मग चाप ओढायचा. एक बार काढायला इतका वेळ लागे की डुक्कर तेवढ्यात दोन सऱ्या उकरून निघून जाई. पण आवाज मोठा होई, आणि वडिलांना आवाजच हवा असे. परवान्यावर कारण लिहिलेलं होतं 'पीक संरक्षण'. वडील गेल्यावर बंधूंनी बंदूक ठाण्यात जमा केली, वारस म्हणून रीतसर अर्ज केला आणि परवाना आपल्या नावावर करून घेतला, तेव्हाच ती पुन्हा घरात आली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ घरांत वडील वारले तरी बंदूक आढ्याला तशीच लटकत असते. परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नसतो. माणूस गेला की त्याचा परवाना संपतो, आणि मागच्यांच्या हाती राहते ती बिनपरवान्याची बंदूक.

गेल्या पावसाळ्यात भुईमुगात डुकरांनी धुमाकूळ घातला. पूर्वी ती डोंगराकडून येत. आता एमआयडीसीच्या रिकाम्या प्लॉटांवर वेड्या बाभळींचं रान माजलं आहे, त्यातच ती दिवसभर दडून बसतात. बंधूंनी बंदूक खाली काढली. पाहतात तो नळीच्या तोंडाला गंज चढून कड फाटलेली. चारेक इंचांचा भाग कामातून गेला होता.

पुतण्या सुट्टीवर आला होता. त्याने नळी हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि म्हणाला, "नाना, एवढं काय त्यात? चार इंच उडवू. चकात धरायचं, पार्टिंग मारायचं, तोंड साफ करायचं. अर्ध्या तासाचं काम. जेवणाच्या सुट्टीत होईल."

मी म्हणालो, "अरे, सरकारी कागदावर नोंदलेली वस्तू आहे ती. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

तो हसला. त्याने मोबाईलवर वाचलं होतं. "नाना, कायद्यात वीस इंच लिहिलंय. आपली नळी छत्तीस. चार गेले तरी बत्तीस उरतात. मग अडचण कसली?"

त्याचं गणित चोख होतं. पण कायद्याचा प्रश्न नुसत्या गणिताने सुटत नाही. मी त्याला थांबवलं. नळी होती तशी फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी बंधूंना घेऊन, परवान्याचं पुस्तक पिशवीत टाकून राजगुरुनगरच्या कोर्टात एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो. वकील शेतकऱ्याच्याच घरातले. त्यांनी पुस्तक उघडून आम्हाला जे समजावलं, ते माझ्या शब्दांत सांगतो.

आपल्याकडे लोकांच्या हातातलं शस्त्र काढून घेणारा मोठा कायदा इंग्रजांनी १८७८ साली केला. लॉर्ड लिटन तेव्हा व्हाइसरॉय होता. हिंदी माणसाला परवाना लागे, गोऱ्याला सूट असे. ज्या चाकणच्या संग्रामदुर्गाने १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांच्या हाताखाली शाहिस्तेखानाचा वेढा दीड महिन्याहून अधिक काळ झुंजवला, त्याच चाकणच्या शेतकऱ्याला पुढे डुक्कर हाकायच्या बंदुकीसाठीही साहेबाच्या दारात उभं राहावं लागलं. स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला आणि १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. तो १९६२ सालापासून लागू झाला आणि दुरुस्त्या होत होत आजही चालू आहे.

या कायद्यात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे. कलम तेरामध्ये म्हटलं आहे की, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची, म्हणजे आतून आटे नसलेली आणि वीस इंचांहून कमी नसलेली बंदूक हवी असेल, किंवा खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर अर्जदारात काही खोट नसल्यास परवाना द्यावा. ठासणीच्या बंदुकीने काम भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर पिकासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांची वाट याहून अवघड आहे.

पुतण्याने वाचलेले वीस इंच ते हेच. पण हे कलम सांगतं, कोणत्या बंदुकीला परवाना सहज मिळावा. असलेल्या बंदुकीची नळी कुणी कापावी, हे ते सांगत नाही. त्यासाठी कलम सहा आहे. बंदुकीची नळी आखूड करायची असेल, किंवा नकली बंदुकीची खरी करायची असेल, तर त्या कामाचा परवाना हवा, असं ते म्हणतं. इतके इंच उरले तर चालेल, अशी सवलत त्यात नाही. छत्तीसची बत्तीस केली तरी ती आखूडच केली. २०१९ सालच्या दुरुस्तीने यात आणखी एक गोष्ट जोडली: एका वर्गातलं शस्त्र बदलून दुसऱ्या वर्गात नेणं. म्हणजे उद्या कुणी ठासणीच्या बंदुकीला मागून काडतूस घालायची सोय करू म्हणाला, तर तोही याच कलमाजवळ जाऊन पोचला.

मी विचारलं, "आणि शिक्षा?"

वकील म्हणाले, "नाना, २०१९ च्या आधी तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत होती. आता सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. दंड वेगळा."

बंधू काही बोलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे मुलगा उभा राहिला असणार. कारण पुढची गोष्ट तर थेट त्याच्यावरच येत होती. कलम पाच म्हणतं की बंदूक बनवणं, बदलणं, विकणं आणि दुरुस्त करणं हासुद्धा परवान्याचा धंदा आहे. परवाना नसताना कुणाच्या बंदुकीची दुरुस्ती करून देणारा लेथवाला त्याच शिक्षेत येतो. बंदूक परवान्याची आहे म्हणून तिला हात लावणारा कारागीर सुटत नाही. शिवाय मशीन मालकाचं, वीज मालकाची, कामगाराचा पगार मालकाकडून. जेवणाच्या सुट्टीतल्या अर्ध्या तासापायी मालकही कोर्टाची पायरी चढला असता.

आता कुणी म्हणेल, बंदूक घरची, नळी गंजलेली, हेतू स्वच्छ. मग चार इंचांसाठी इतका कडक कायदा कशाला? मीही वकिलांना हेच विचारलं. त्यांनी उत्तर दिलं ते मला पटलं. लांब नळीची बंदूक खांद्यावर टाकून माणूस निघाला तर गावभर दिसते. तीच कापून आखूड केली की सदऱ्याखाली, गोणपाटात, मोटारसायकलच्या डिकीत मावते. राखणीची वस्तू दरोड्याची होते. म्हणून जगभर कायद्याने नळीला फूटपट्टी लावली आहे. अमेरिकेत छऱ्याच्या बंदुकीची नळी अठरा इंचांखाली गेली की १९३४ च्या कायद्याखाली तिची वेगळी नोंद करावी लागते. इंग्लंडात हीच मर्यादा चोवीस इंचांची आहे.

अमेरिकेचीच आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथल्या बंदूक खात्याने २००४ साली बुटाच्या एका नाडीला मशीनगन ठरवलं होतं! कारण ती नाडी एका विशिष्ट बंदुकीला बांधली की चाप एकदा दाबून गोळ्या सुटतच राहत. पुढे २००७ साली खात्याने खुलासा केला की नुसती नाडी म्हणजे मशीनगन नव्हे, ती तशा रीतीने बंदुकीला जोडली तर मशीनगन. आणि बंदुकीच्या दस्त्याला बसवायच्या एका जोडणीवर तिथे वर्षानुवर्षं वाद चालला. ती बसवली की बंदूक भराभर झडते. तिला मशीनगन म्हणायचं की नाही, यावर २०२४ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीशांपैकी सहांनी 'नाही' म्हटलं आणि तिघांनी 'होय' म्हटलं. वस्तू तीच, पण मोठमोठ्या न्यायाधीशांची मतं दोन. तिथे आपल्या पुतण्याचं मोबाईलवरचं वाचन किती पुरं पडणार?

आपल्या कायद्यातही असाच एक शब्दप्रयोग आहे, आणि सगळी गोम त्यात आहे. शस्त्र म्हणजे हल्ला किंवा बचाव यांसाठी 'घडवलेली किंवा त्या कामाजोगी केलेली' वस्तू. म्हणजे लोहाराने ती कशासाठी घडवली एवढंच पाहत नाहीत. नंतर तिचं काय केलं, हेही पाहतात. घरच्या आणि शेतीच्याच कामासाठी घडवलेल्या वस्तू, जसं की लाठी किंवा साधी हातातली काठी, शस्त्रांत धरत नाहीत. हा मोठा दिलासा आहे. पण तो वस्तू जशीच्या तशी असेपर्यंतच.

कोयत्याचं पाहा. नियमांत लिहिलं आहे की नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांच्या वर्गात येतात. मात्र घरकाम, शेती, शास्त्र आणि उद्योग यांसाठी घडवलेली सोडून. ऊसतोडीचा कोयता दोन इंचांहून रुंद असला तरी तो शेतीचा, म्हणून वर्गाबाहेर. तोच कोयता कुणी दोन्ही अंगांनी पाजवला, मूठ बदलली आणि रात्री कमरेला खोचून बाजारात हिंडला, तर 'हा शेतीचा आहे' हे कोण मानील? गेल्या काही वर्षांत पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कोयते नाचवणाऱ्या टोळ्यांनी दहशत बसवली, आणि त्याचा त्रास आपल्यालाही झाला. पोलिसांची जमावबंदी असते तेव्हा हत्यार घेऊन फिरण्यावरच बंदी असते. म्हणून कोयता शेतावर न्यायचा तर गोणपाटात बांधून, वैरणीच्या भाऱ्यासोबत न्यावा. मुलांच्या हाती मोटारसायकलवर देऊ नये.

छऱ्याची हवेची बंदूक पुष्कळांना खेळणं वाटते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे तिचं तोंड साडेचार मिलिमीटरपर्यंतचं आणि जोर वीस ज्यूलपर्यंतचा असेल, तर परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो. पण स्प्रिंग बदलून, आतली घडण बदलून तिचा जोर वाढवला, की काल बिनपरवान्याची चाललेली वस्तू आज गुन्ह्याची होते. दिसायला मात्र तीच असते.

आणि ती पाईपची बंदूक! माकडं, डुकरं हाकायला प्लास्टिकच्या पाईपात कार्बाइड घालून बार काढतात. नुसता आवाज करते, काही फेकत नाही, तोवर तिला बंदूक म्हणावं का, हा प्रश्न आहे. कायद्यातल्या व्याख्येत काहीतरी फेकलं जाणं महत्त्वाचं आहे. पण पोरांनी तिच्यात खडे भरले, की स्फोटाच्या जोराने वस्तू फेकणारं साधन झालंच. निवाडा शेवटी न्यायालय करील. पण डोळ्यांचा निवाडा त्याआधीच होतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात भोपाळ-विदिशाकडे अशाच कार्बाइडच्या बंदुकांनी कितीतरी मुलांचे डोळे भाजले. काहींची दृष्टी गेली. बार झाला नाही म्हणून मुलगा नळीत डोकावतो आणि त्याच क्षणी बार होतो. कायदा काहीही म्हणो, घरात लेकरं असतील तर ही वस्तू घरात नको.

वकिलांकडून निघून आम्ही चिंचवडला गेलो. इथेही एक गोष्ट लक्षात घ्यावी. पूर्वी चाकणचा शेतकरी बंदुकीच्या कामाला पुण्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे जाई. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि चाकण ठाणं त्यात गेलं. जिथे आयुक्त आहेत तिथे या कायद्यापुरते जिल्हादंडाधिकारी म्हणजे आयुक्तच. राजगुरुनगरकडची पुढची गावं मात्र ग्रामीण पोलिसांकडे राहिली, त्यांचं काम अजून जिल्हाधिकाऱ्यांकडे. एकाच तालुक्यात दोन दारं झाली. आपलं गाव कोणत्या ठाण्याच्या हद्दीत आहे हे पाहूनच एसटीत बसावं, नाहीतर दिवस फुकट जातो.

तिथल्या कारकुनाने परवाना पाहिला आणि सरळ सांगितलं, "बाबा, आधी परवानाधारक दुरुस्तीवाल्याला दाखवा. तो काय म्हणतो ते बघू." आम्ही पुण्यात एका परवानाधारक दुकानात बंदूक नेली. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने नळीत दिवा धरून पाहिलं, आतून सळई फिरवली आणि मान हलवली. गंज तोंडाशीच नव्हता, मागे दारूच्या जागेपाशीही नळी खाल्ली गेली होती. "चार इंच कापून उपयोग नाही. ही ठासली तर फुटेल, आणि फुटली तर धरणाऱ्याच्या तोंडावर फुटेल," तो म्हणाला.

मी तीस वर्षं लोखंड कापलं आहे. तो काय सांगतो ते मला दिसत होतं. पुतण्याने तोंड साफ करून दिलं असतं, नळी नव्यासारखी चमकली असती, बंधूंनी विश्वासाने दारू ठासली असती, आणि मागचा भाग त्यांच्या गालापाशी असता. परवानाधारक कारागिराकडेच जा असं कायदा का म्हणतो, त्याचं दुसरं कारण मला तेव्हा कळलं. सात वर्षांची शिक्षा मुलाला झाली असती, आणि त्याहून मोठी बापाला.

बंदूक आम्ही ठाण्यात जमा केली, पावती घेतली. बंधूंनी दुसऱ्या बंदुकीसाठी अर्ज करावा की नाही, यावर घरात चार दिवस चर्चा झाली. शेवटी वहिनींनी निकाल दिला. त्या म्हणाल्या, "आता तुमच्या शेताच्या चारी बाजूंना माणसं राहतात. भिंतीपलीकडे कामगारांच्या खोल्या, रस्त्याने रात्री-बेरात्री पाळी सुटलेल्या पोरी चालत येतात. अंधारात छर्रे कुठं जातील, सांगता येतं का?" याला कुणाकडे उत्तर नव्हतं. वडिलांच्या वेळी शेतापुढे मैलभर माळ होता. तो माळ आता नाही. आम्ही सौर झटक्याचं कुंपण घातलं. त्याने डुक्कर हटतं, मरत नाही, माणसालाही धोका नाही. घरच्या विजेची तार मात्र कुंपणाला कधी जोडू नये. त्यात माणसं गेली आहेत आणि शेतकरी तुरुंगात गेले आहेत.

ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे, त्यांनी हेही ध्यानात ठेवावं की पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे. रानडुक्कर, बिबट्या, मोर हे सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आहेत. डुक्कर मारायचं असेल तर आधी वनखात्याची लेखी परवानगी लागते. बिबट्याच्या वाटेला तर जाऊच नये. लग्नात, वरातीत हवेत बार काढला तरी २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

शेवटी एमआयडीसीत काम करणाऱ्या आपल्या मुलांविषयी. खराबवाडी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे, भोसरी इथे गल्लोगल्ली लेथ आणि वेल्डिंगची दुकानं आहेत. मुलांचे हात सोन्याचे आहेत. पण याच पट्ट्यात गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्याही नेहमी येतात. त्यांचा माल बहुतेक मध्य प्रदेशातल्या उमरटीकडून येतो. २०२५ च्या नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी थेट तिथे जाऊन भट्ट्या मोडल्या. तिकडची वाट बंद झाली की असले लोक इकडचा कारागीर शोधणार. कुणी येऊन म्हणेल, एवढा पाईप आखूड करून दे, एवढं भोक मोठं करून दे, एवढी पिन बसवून दे, हजार रुपये घे. कायद्यात बंदुकीचा सुटा भाग हीसुद्धा बंदूकच आहे, आवाज दाबणारी नळीसुद्धा बंदूकच आहे. म्हणून मुलांना एक गोष्ट शिकवून ठेवावी. ज्या कामाचं ड्रॉइंग नाही, ज्याचं चलन नाही आणि जे घेऊन येणारा 'कशाचं आहे' हे सांगत नाही, ते काम चकात धरायचं नाही.

पुतण्याने ही गोष्ट आपल्या वर्कशॉपातल्या चौघांना सांगितली. त्यातला एक म्हणाला, "आमच्या आजोबांची पण एक आहे घरी. परवान्याचं काय झालं, कुणाला माहीत नाही." त्याला मी निरोप पाठवला आहे, आधी घरातल्या मोठ्यांशी बोल, वकिलाला विचार आणि ती ठाण्यात जमा कर, पावती घे. वाचकहो, तुमच्याही आढ्याला अशी एखादी लटकत असेल, तर हा अंक खाली ठेवल्यावर पहिलं काम तेच करा.